काढून ठेवलेलं

बाळला विकता येतं, हे त्या रविवारी घरातल्या सगळ्यांना पहिल्यांदाच कळलं. स्वतःचं दुकान होतं तेव्हा गिऱ्हाईक आलं की हा मालाच्या मागं जाऊन उभा राहायचा. दुकान बुडालं, उधारी बुडाली, बायको माहेरी गेली ती गेलीच, आणि आता निम्मे केस पांढरे झाल्यावर बाळला कंठ फुटला होता. फाटकासमोर टेबल मांडून तो असा ओरडत होता की समोरच्या घरातली माणसं आपलं टेबल सोडून त्याला बघायला आली.

"या, या! घरातलं सामान, पण कोरं करकरीत! बघायला पैसे नाहीत! आणि एकदा विकलेला माल परत नाही, हे आधीच सांगतो!"

सुट्ट्या लागायच्या आधीच्या रविवारी या गल्लीत निम्म्या घरांसमोर टेबलं लागायची. वर्षभर माळ्यावर, पलंगाखाली, कपाटामागं कोंबलेलं सगळं बाहेर यायचं आणि इकडच्या घरातलं तिकडच्या घरात जायचं. पुढच्या वर्षी तेच तिकडून परत इकडं. एक निळं काचेचं भांडं तर गल्लीतल्या बहुतेक घरांत मुक्काम करून आलं होतं. वहिनीला हा प्रकार मुळीच आवडायचा नाही. घरातली भांडी रस्त्यावर मांडायची म्हणजे घराची अब्रू मांडायची, असं ती दरवर्षी म्हणायची. यंदा मात्र तिनंच टेबल काढायला लावलं. समुद्रकाठच्या खोल्यांचे पैसे भरून झाले होते, पण तिथं जाऊन हात आखडून बसायचं तर घरी बसलेलं काय वाईट? लेकीचं, चिऊचं, लग्न मोडल्यापासून घरातलं कोणी कुठं गेलं नव्हतं. पोरीला चार दिवस वारा लागावा, एवढंच वहिनीच्या मनात होतं.

खोल्या दोन होत्या. एकीत दादा, वहिनी आणि चिऊ, दुसरीत बाळ आणि सगळ्यांचं सामान. चिऊनं आत्याबरोबर एका खोलीत राहावं, ही वाटणी शेंबड्या पोरालाही सुचली असती. या घरात ती कोणालाच सुचली नाही. आक्कानं मागं राहायचं असं कोणी ठरवलं नव्हतं, कारण ते ठरवायची गरजच नव्हती. घराला माणूस हवं. ते माणूस म्हणजे आक्का, दादाची धाकटी आणि बाळची थोरली बहीण. लग्न न केलेली बहीण म्हणजे घरातला एक कायमचा हात, असं धरून चाललेली ही माणसं होती, आणि त्यांना कोणी वाईट म्हटलं असतं तर त्यांना मनापासून नवल वाटलं असतं.

सकाळपासून सर्वात जास्त गर्दी झाली ती जिन्याखालून काढलेल्या खोक्यांभोवती. दोन बर्नरची गॅसची शेगडी, वेष्टनसुद्धा न फाडलेली. चादरींचे जोड, पडद्यांचं कापड, किटली, एक घडीची खुर्ची. शेगडी एका नव्यानं संसार मांडणाऱ्या जोडप्यानं घासाघीस न करता उचलली आणि बाळ इतका खूश झाला की त्यानं त्यांना वर निळं काचेचं भांडं फुकट दिलं.

"वहिनी, हे सगळं आपल्या घरात होतं?"

"भेटी आलेल्या असतील वन्संना. कुठं कुणाच्या लग्नात, कुठं दुकानातून," वहिनी म्हणाली. "त्यांनी कधी काही वापरलंय का? जपायचं नुसतं. पण आज दिलं बाई सगळं. मला वाटलं नव्हतं."

वन्संनी दिलं, याबद्दल वहिनीच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तिनं रीतसर विचारलं होतं. ज्याला जे नको असेल त्यानं ते काढून ठेवावं, असं तिनं जेवताना सगळ्यांना सांगितलं तेव्हा आक्का घरी नव्हती. सुट्ट्यांच्या तोंडावर चष्म्याच्या दुकानात झुंबड असायची आणि काचा घासून फ्रेमला बसवायचं काम तिथं आक्काच करायची. म्हणून काल सकाळी, शाळेच्या कचेरीत निघता निघता, एक पाय चपलेत असताना वहिनीनं न्हाणीघराच्या दारावर थाप मारली होती.

"वन्संऽ, जिन्याखालची ती खोकी?"

आत नळ बंद झाला. मग आक्काचा आवाज आला.

"ती मी काढून ठेवलीत."

झालं. यापुढं आणखी काय विचारायचं? वहिनीनं "बरं" म्हणून दुसरा पाय चपलेत घातला आणि ती कामाला गेली.

*

आक्का दुपारी परत येत होती तेव्हा गल्लीच्या तोंडाशी तिला एक बाई दिसली. बाईच्या काखेत राखाडी पट्ट्यांची चादर होती. आक्काला आधी गंमत वाटली. अशीच चादर आपण घेतली, म्हणजे आपली निवड अगदीच वाईट नाही. पुढं एका म्हाताऱ्याच्या हातात किटली दिसली, तशीच. तेव्हा मात्र तिची पावलं भराभर पडायला लागली.

ती खोकी तिनं गेलं वर्षभर भरली होती. आज एक वस्तू, महिन्यानं दुसरी. आपल्या खोलीत ठेवण्यासारखी सोय नव्हतीच. तिच्या खोलीला दार होतं, पण ते कपाटाचं असावं तसं कोणीही उघडायचं. इस्त्रीचं टेबल तिच्या खोलीत, बाळच्या बुडालेल्या दुकानाच्या दोन फळ्या तिच्या खोलीत, प्रवासाच्या बॅगा तिच्या पलंगाखाली. चिऊच्या मोडलेल्या लग्नाचं सगळं सामान तिच्या कपाटात, आणि तिचे स्वतःचे कपडे दारामागच्या खुंटीवर. घरात कोणाचाही हात जात नाही अशी जागा म्हणजे जिन्याखालची. म्हणून खोकी तिथं. काल वहिनीनं दारावर थाप मारून नेमकं त्याबद्दलच विचारलं तेव्हा आक्काला वाटलं होतं, कळलं हिला. पण वहिनी नुसतं "बरं" म्हणून गेली, आणि सुटलो बुवा, असं म्हणून आक्कानं पुन्हा नळ सोडला होता.

टेबलावर आता तिच्या सामानातलं फारसं काही उरलं नव्हतं. पडद्यांचं कापड उलगडून एक बाई ते उन्हात धरून बघत होती.

"हे कुठून आणलं?" आक्कानं विचारलं.

"आक्का, आलीस? अगं, तुझ्या मालानं आज बाजी मारली!" बाळचा चेहरा नुसता फुलला होता. "शेगडी तर पहिल्या झटक्यात गेली."

"गेली म्हणजे?"

"विकली!"

आक्कानं त्या बाईच्या हातातलं कापड ओढून घेतलं. बाई "अहो, अहो" करत मागं सरली.

"कोणाला विचारून?"

"वन्सं, असं काय करता?" वहिनी पुढं आली. लोक बघत होते म्हणून तिनं आवाज खाली ठेवला. "तुम्हाला विचारलं होतं मी. तुम्हीच नाही का म्हणालात, काढून ठेवलीत म्हणून?"

"काढून ठेवलीत म्हटलं. विकायला काढलीत, असं म्हटलं का मी?"

"मग काढून ठेवलंय म्हणजे काय? आम्ही सगळ्यांनी काढूनच ठेवलं होतं!"

"काढून ठेवलंय म्हणजे बाजूला ठेवलंय, हात लावू नका!"

"हात लावू नका म्हणायचं होतं तर तसं म्हणायचं ना! मला काय स्वप्न पडतं तुमच्या मनातलं?"

"तुझ्या नवऱ्याचं जेवण रोज रात्री मी काढून ठेवते," आक्का म्हणाली. "ते विकतेस का तू?"

समोरच्या टेबलावरचा माणूस हसला. त्यानं ते खोकल्यात लपवलं, पण उशिरा. वहिनीचा चेहरा लालबुंद झाला. लोकांसमोर तिला कोणी चोर ठरवत होतं, आणि तेही तिनं थाप मारून, विचारून केलेल्या कामासाठी. या घरात चांगलं करायला जावं आणि वर ऐकून घ्यावं, हे तिला नवीन नव्हतं, पण आजच्याइतकं उघड्यावर ते कधी झालं नव्हतं.

"पैसे सगळे बाजूला आहेत तुमचे," ती म्हणाली. "एक दमडी कोणी खाल्लेली नाही."

"पैसे नकोत मला. मला शेगडी हवी."

"अगं, घरात आहे की शेगडी!" बाळ म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं.

तेवढ्यात किटलीवाला म्हातारा परत आला. त्याच्या दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तो सभ्यपणे टोपी काढून उभा राहिला.

"किटलीच्या खोक्यात तळाला हे निघालं. माझ्या काय कामाचं? कुणाच्या तरी दारावरची पाटी आहे. नाव आहे तिच्यावर."

आणि कोणी काही म्हणायच्या आत त्यानं चष्मा वर करून ते नाव मोठ्यानं वाचलं. आक्काचं नाव होतं, पुढं आडनाव, बास.

*

चिऊनं म्हाताऱ्याच्या हातातून पाटी घेतली, कारण दुसरं कोणी हात पुढं करेना. पितळेची होती, हातभर नाही पण चांगली जड, आणि चारी कोपऱ्यांना स्क्रूची भोकं. दारावर लावण्यासाठीच केलेली. चिऊनं ती दोनदा वाचली. मग तिला राग आला, आणि तो आधी आत्याचाच आला.

लग्न मोडलं तेव्हा ती आत्याच्या पलंगावर पडून रडली होती. आईला सांगितलं नाही ते आत्याला सांगितलं होतं. आणि आत्यानं जिन्याखाली अख्खा संसार जमवला, तो तिला एका शब्दानं सांगू नये?

"आत चला सगळे," दादा दारातून म्हणाला. तो पाणीखात्यातून निवृत्त झाला होता, पण आवाज अजून खात्यातला होता. "रस्त्यावर शोभा नको. बाळ, टेबल बघ."

"टेबल कसलं बघतोय मी!" म्हणून बाळही आत आला. टेबल उघडं पडलं ते पडलं.

बैठकीच्या खोलीत दादा नेहमीच्या खुर्चीत बसला. बाकीचे उभे राहिले. चिऊनं पाटी मधल्या टेबलावर ठेवली आणि सगळे ती पहिल्यांदाच बघत असल्यासारखे बघत राहिले.

"ही कुठल्या दाराला लावायची?" दादानं विचारलं.

"माझ्या."

"तुझ्या म्हणजे?"

"भाड्यानं खोली घेतलीय मी. दुकानाच्या मागच्या गल्लीत. एक खोली, एक स्वयंपाकाची जागा. सिलिंडरही आलाय."

"कधी घेतलीस?"

"झाले काही महिने."

दादानं पाटी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. "बाबांचं नावसुद्धा घातलं नाहीस," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदा जरासा हलला. "मुलगी आहेस ना त्यांची?"

"बाबांचं नाव आहे की या दारावर," आक्का म्हणाली. "त्यांच्याखाली तुझं आहे, तुझ्याखाली बाळचं. चिऊ जन्मली तेव्हा हौसेनं तिचंही घातलंत. जा, बाहेर जा आणि माझं शोध."

कोणी बाहेर गेलं नाही. जायची गरज नव्हती. त्या दारातून सगळे रोज जात येत होते आणि चिऊला आत्ता या क्षणी पाटीवरच्या सगळ्या ओळी डोळ्यांसमोर दिसत होत्या. आत्याचं नाव तिथं नाही, हे तिच्या आयुष्यात कधी लक्षातच आलं नव्हतं. तिचा राग एकदम जागा बदलून गेला.

"आत्या, मला तरी सांगायचंस," ती म्हणाली. "मी काही बोलले नसते कुणाला."

"तू रडली असतीस. आणि मग मी गेले नसते."

"पण जाणार कधी होतीस?"

आक्कानं आता वहिनीकडं बघितलं. "तुम्ही सुट्टीला गेलात की."

"वाऽ!" वहिनी उसळली. इतका वेळ ती दातावर दात दाबून उभी होती. "म्हणजे आम्ही तिकडं आणि तुम्ही इकडं चोरासारख्या घर सोडून जाणार? परत येऊन आम्ही काय बघायचं, कुलूप? आणि लोक मला विचारणार, नणंदेला काय केलंत म्हणून! एवढी वर्षं एका घरात काढली, मी काय विष घातलं होतं तुम्हाला?"

"विष नाही घातलंस. जागा नाही ठेवलीस."

"जागा! मागची खोली आहे ती काय मग?"

"ती सामानाची खोली आहे, वहिनी. त्यात मी पण आहे. एवढंच."

"मग बोलायचं होतंत! तोंड नव्हतं तुम्हाला? इस्त्रीचं टेबल बाहेर काढा म्हटलं असतंत तर काढलं नसतं?"

"चारदा काढलं मी. चारदा कोणीतरी परत आणून ठेवलं. कोणी ते तूच विचार."

बाळनं मान खाली घातली. त्याचे शर्ट त्या टेबलावर आक्काच करायची.

"आणि हो, चोरासारखीच जाणार होते," आक्का म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तो खाली आणायची तिला आता मुळीच इच्छा नव्हती. "स्वतःच्या पैशांनी घेतलेलं सामान घेऊन मी चोरासारखी जाणार होते, कारण सांगून निघाले असते तर तुम्ही निघू दिलं नसतंत. दादा गप्प बसला असता, बाळ आजारी पडला असता, तू डोळ्यांना पदर लावला असतास. माझी काही ताकद नाही त्या सगळ्यापुढं. आई गेली तेव्हाच निघायचं होतं मला. तेव्हा चिऊची परीक्षा होती. मग बाळचं दुकान. मग लग्न, मग लग्न मोडलं. या घरात कधी काही नसतंच का?"

"मी आजारी कशाला पडेन," बाळ पुटपुटला.

"मागच्या वेळी आत्या कुठं जायचं म्हणाली तेव्हा पडलास," चिऊ म्हणाली.

*

दादाला खूप काही म्हणायचं होतं. तो बोलणाऱ्यातला माणूस नव्हता. आई गेली त्या रात्री आक्का एकटी तिच्या उशाशी होती आणि आपण वरच्या मजल्यावर झोपलो होतो, हे त्याला आठवत होतं. लहानपणी शाळेच्या वाटेवर कुत्रं आलं की ती आपल्या पाठीमागं लपायची, हेही आठवत होतं. तू गेलीस तर या घरात माझं लहानपण माहीत असलेलं कोण उरलं, बाळ तर तेव्हा जन्मलाही नव्हता, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. तोंडातून बाहेर पडलं ते वेगळंच.

"मग सुट्टीत घर कोण बघणार होतं?"

बाहेर समोरच्या टेबलावर कोणीतरी जोरात भाव करत होतं, ते शब्दन् शब्द ऐकू आलं. दादाला आपण काय बोललो ते कळलं, पण शब्द परत गिळता येत नाहीत.

"मला तसं नव्हतं म्हणायचं," तो म्हणाला.

"तसंच म्हणायचं होतं," आक्का म्हणाली. ती शांतपणे म्हणाली, आणि ते जास्त लागलं. "बरं झालं म्हणालास. मला सुट्टीपर्यंत थांबायचं कारण राहिलं नाही. मी आजच जाते."

"आज? आज कुठं जातेस? खोलीत काही आहे का?"

"काही नाही. तुम्ही विकलंत."

"मी आणतो!" बाळ एकदम म्हणाला. "शेगडी आणतो परत. ते जोडपं इथलंच आहे, वळणावरच्या घरातलं." आणि चपलासुद्धा न घालता तो धावत सुटला. बाळनं आयुष्यात कोणासाठी धावलेलं कोणी पाहिलं नव्हतं, त्यामुळं सगळे नकळत वाट बघत राहिले.

तो परत आला तो हात हलवत. धाप लागली होती.

"काय म्हणाले?"

"म्हणाले," बाळनं भिंतीला हात टेकला, "तुम्हीच ओरडत होता ना, विकलेला माल परत नाही म्हणून. दुप्पट देतो म्हटलं. तर त्या पोरीनं दार लावून घेतलं."

एरवी या घरात या गोष्टीवर महिनाभर हसले असते. आज चिऊच्या ओठावर आलेलं हसू तिनंच आवरलं. आक्का मागच्या खोलीत गेली आणि पलंगाखालच्या बॅगा एकेक करून बाहेर ढकलायला लागली. समुद्रावर न्यायच्या बॅगा दारातून घरंगळत मधल्या खोलीत आल्या. शेवटी तिला हवी होती ती तिची जुनी बॅग सापडली.

*

वहिनी स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. इतका संताप तिला कधी आला नव्हता आणि तो नक्की कोणावर आहे हे तिला सांगता आलं नसतं.

वन्संवर होताच. माणसानं एका छपराखाली राहून असं आतल्या गाठीचं असावं? चार लोकांत आपल्याला चोर केलं. नवऱ्यावर तर होताच होता. बहीण घर सोडून चाललीय आणि याला घराच्या कुलुपाची पडलीय. पण खरी मेख वेगळीच होती आणि ती तिला आतून टोचत होती. पाटीवरचं नाव ऐकलं त्या क्षणी तिच्याही मनात पहिला प्रश्न हाच आला होता. मग सकाळचा स्वयंपाक कोण करणार? मी साडेसातला बाहेर पडते, मग डबे कोण भरणार? फरक एवढाच की तिनं तो गिळला आणि नवऱ्यानं ओकला. ते ऐकून सगळ्यांनी त्याला वाईट ठरवलं, आणि तीही त्या सगळ्यांत सामील झाली. समुद्रावरच्या खोल्या तर तिनंच ठरवल्या होत्या, कोण कुठं झोपणार ते धरून.

तिनं पातेली उतरवून ओट्यावर ठेवली. वाकून सिलिंडरचं बटण बंद केलं. मग दोन्ही हातांनी जोर लावून शेगडीची नळी उपसली.

"आई, काय करतेयस?" चिऊ दारात आली.

"फडकं दे. मोठं दे. आणि ती बाजू धर, जड आहे."

दोघी ती शेगडी उचलून बैठकीच्या खोलीतून नेऊ लागल्या तेव्हा दादा खुर्चीतून अर्धवट उठला.

"अगं, हे काय? ही आपली शेगडी आहे!"

"वन्संची मी विकली," वहिनी म्हणाली. "माझी त्यांची. फिटंफाट."

"वहिनी, ठेव ती खाली," आक्का दारातून बॅग घेऊन येत म्हणाली. "मला उपकार नकोत."

"उपकार कोण करतंय? तुम्हाला माझ्यावर उपकार करू देणार नाही मी, म्हणून देतेय! रिकाम्या खोलीत जाऊन बसणार, दुकानात सांगणार, वहिनीनं सगळं विकलं, शेगडीसुद्धा ठेवली नाही. मी ऐकून घेणार नाही ते. चादरी माझ्या कपाटातल्या घ्या. भावजी, गाडी बघा एखादी, असे काय उभे राहिलात? आणि त्यांची खुर्ची?"

"ती पण गेली," बाळ म्हणाला.

वहिनीनं इकडं तिकडं बघितलं. मग तिची नजर दादाच्या खुर्चीवर गेली. दादा चटकन पुन्हा बसला.

"ती नको," आक्का म्हणाली. "तिच्यात तो येईल बरोबर."

बाळला हसू फुटलं. दादानं त्याच्याकडं असं बघितलं की ते तिथंच विझलं, आणि बाळ गाडी बघायला पळाला.

गाडी आली. बॅग चढली, चादरी चढल्या, चिऊ पाटी छातीशी धरून आधीच आत जाऊन बसली होती. स्क्रू लावायला कोणी नको का, म्हणाली. आक्कानं तिला उतर म्हटलं नाही. बाळनं तिच्या सामानाचे पैसे आणून आक्काच्या हातात कोंबले. तिनं ते न बघता पिशवीत टाकले. दादा फाटकापर्यंत आला आणि फाटकाला धरून उभा राहिला.

"परत कधी येशील?"

"बोलावलंस की."

"घरच्या माणसाला बोलवायचं असतं का?"

"दादा, तू एकदा बोलावून तर बघ," आक्का म्हणाली. "कसं वाटतं मला ते मलाही बघायचंय."

दादानं मान हलवली. आजूबाजूच्या टेबलांमागून सगळी गल्ली उघड उघड बघत होती. त्यानं एकदा आकाशाकडं बघितलं, एकदा वहिनीकडं, आणि अगदी हळू आवाजात, जणू स्वतःलाच विचारावं तसं विचारलं, "मग संध्याकाळच्या जेवणाचं काय?"

वहिनीनं त्याच्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. तिनं फडक्यात गुंडाळलेली शेगडी उचलून गाडीत आक्काच्या मांडीवर ठेवली. वहिनीनं एका बर्नरवर उरकलेला दुपारचा स्वयंपाक होऊन फार वेळ झाला नव्हता, लोखंड अजून कोमट होतं. दोघींचे हात थोडा वेळ त्या फडक्यावर राहिले. वहिनी अजून रागातच होती, आक्काही होती, आणि दोघींनी ते लपवलं नाही.

"वन्सं," वहिनी म्हणाली, "डावीकडचा बर्नर बटणानं लागत नाही हं. काडी धरावी लागते. आणि आधी काडी, मग बटण, नाहीतर भपकन—"

"मला सांगतेस?" आक्का म्हणाली. "तू कधी पेटवलायस तो?"